सीसीएन मोजायला काय घ्यावे : टीपकागदाचे चेंबर की उभा कॉलम?

खान्देशात ढगबीजांची, म्हणजे ज्यांच्यावर वाफ साठून ढगाचे थेंब बनतात त्या हवेतल्या सूक्ष्म कणांची (सीसीएनची), मोजणी सुरू करायची तर निवड बहुधा या दोघांतच होते.

चेंबर स्वस्त, वीज थोडी खाणारे, कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही जुळवता येणारे. दोन तबकड्यांवर ओला टीपकागद, वरची कोमट, खालची गार; अतिसंपृक्तता (आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जितकी वर, ती) सर्वाधिक मधोमध. ०.२ टक्क्यांच्या खाली मात्र थेंब इतके सावकाश वाढतात की मोजण्याआधीच खाली बसू लागतात.

तेही चालवून घेता येईल. माझे मन फिरले ते टीपकागदावरून. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर आणि हवा कोरडीठाक. दर नमुन्यागणिक कागदातले पाणी उडते, आधी कडा सुकतात. अतिसंपृक्तता घसरते, आकडा उतरतो, पण दोन्ही तबकड्यांची तापमाने अगदी जागच्या जागी दिसतात. हवा खरेच स्वच्छ झाली, की नुसता कागद वाळला, हे नोंदींवरून कळत नाही.

उभ्या कॉलमचे, म्हणजे ज्यातून हवा सतत वाहते त्या ओल्या भिंतींच्या नळीचे (डीएमटी या कंपनीचे सीसीएन-१०० याच जातीचे), लाड पुष्कळ. डिस्टिल्ड वॉटरच हवे. बोअरचे पाणी गाळूनही नको, क्षार बसतात. लोडशेडिंगमध्ये कॉलममधले पाणी खालच्या ऑप्टिक्सवर (प्रकाशाने थेंब मोजणाऱ्या भागावर) उतरू शकते, म्हणून यूपीएस हवाच. आणि वीज यायला वेळ लागणार असेल तर पाणीपुरवठा बंद करून कॉलम सुकवून घ्यावा. उन्हाळ्यात खोली २५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. मग श्रावणात बाहेरची दमट हवा त्याच गार खोलीतल्या नळीत थेंब धरते. त्यासाठी तोंडाशी सिलिका जेलचा ड्रायर. अतिसंपृक्तता चढत्या क्रमानेच बदलावी. फेरी संपून पुन्हा खाली उतरताना कॉलम गार व्हायला वेळ घेतो, तेवढी मिनिटे नोंदीतून वगळावीत.

पण हा बिघडला की लपत नाही. ऑप्टिक्समध्ये पाणी शिरले की आकडे वेडेवाकडे होतात, प्रवाह ढळला की पडद्यावर दिसतो. पऱ्हाट्या पेटवल्यावर शिवारात धूर पसरतो, तेव्हा सीसीएन मिनिटागणिक बदलतात. कॉलम दर सेकंदाला मोजतो, चेंबर थांबून थांबून. पैशांची सोय होत असेल, तर कॉलमच घ्यावा असे वाटते.

चेंबरच परवडत असेल, तर उन्हाळ्यात मोजणीच्या प्रत्येक फेरीआधी कागद भिजवा आणि भर दुपारी अमोनियम सल्फेटच्या कणांवर (त्यांचे वर्तन आधीच माहीत असते) एकदा पडताळणी करून घ्या.