प्रेपची गोळी आठवायला ॲप बरं की अलार्म आणि ताईंचा मेसेज?

प्रेप, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, सुरू करताना डॉक्टर दोन गोष्टी हमखास सांगतात: गोळी रोज घ्या, आणि आठवणीसाठी मोबाईलमध्ये एखादं ॲप टाका. पहिलीबद्दल वाद नाही. दुसरीबद्दल थोडा विचार करावा असं मला वाटतं. मी आधी औषधाची आठवण देणारं ॲप वापरत होतो. आता मोबाईलचा साधा अलार्म आणि आठवड्यातून एकदा काउन्सेलर ताईंचा व्हॉट्सॲप, यावर चालतं. वाळूज एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आणि बजाजनगरात तिघांत एक रूम, असं माझं राहणं आहे. तुमचं वेगळं असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

आठवणीवर एवढा भर का, हे २०१०च्या आयप्रेक्स अभ्यासावरून कळतं. गोळी दिलेल्या गटात एचआयव्हीची लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच गटात ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांचा धोका ९२ टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. औषध सगळ्यांना एकच दिलं होतं. कुणाची गोळी पोटात गेली आणि कुणाची बाटलीत राहिली, एवढाच फरक.

ॲपच्या बाजूनं आधी बोलतो, कारण त्याचे फायदे खरे आहेत. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, अधूनमधून किडनीसाठी क्रिएटिनिन, या तारखा आपण विसरतो, ॲप विसरत नाही. महिन्याचा तक्ता डॉक्टरांना दाखवता येतो. आणि जे पुरुष रोज न घेता टू-वन-वन पद्धतीनं घेतात, म्हणजे संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्या दोन गोळ्या घेतल्यापासून २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक, त्यांना तासांचा हिशोब ठेवायला ॲप फार सोयीचं पडतं. (ही पद्धत स्त्रियांसाठी नाही, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठीही नाही. त्यांनी रोजच्याच गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं.)

माझं गाडं अडलं ते शिफ्टवर. मी रात्री नऊची वेळ लावली होती. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात नऊ वाजता मी जेवून रूमवर असतो, सगळं सुरळीत. सेकंड शिफ्टला मात्र नऊ वाजता मी मशीनवर आणि मोबाईल लॉकरमध्ये. रूमवर येऊन, दोन घास खाऊन गोळी घेईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. औषधाच्या दृष्टीनं यात काही बिघडत नाही. प्रेपमधलं टेनोफोविर हे औषध पेशींमध्ये कित्येक दिवस टिकतं, तीन-चार तासांच्या उशिरानं ते वाया जात नाही. ॲपला हे समजत नाही. तासभर उलटला की त्या तारखेवर लाल फुली आणि वर ‘डोस चुकला’. सेकंड शिफ्टचा अख्खा आठवडा लाल. दर आठवड्याला वेळ बदलून पाहिली, तर त्यानं नवीनच औषध सुरू झाल्यासारखं धरलं आणि जुना तक्ता तुटला.

ही तक्रार किरकोळ वाटेल. पण रोज नेमानं गोळी घेणाऱ्या माणसाला रोज ‘तू चुकलास’ असं ऐकवलं की मन उडतं. माझ्या ओळखीचा एक पोरगा असाच लाल तक्ता बघून बघून कंटाळला. आधी ॲप काढून टाकलं, मग हळूहळू गोळीही सुटली. काही आठवड्यांनी त्यानं पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि ॲप परत टाकलं, तर त्यानं शाबासकी देऊन पहिला दिवस मोजायला घेतला. मध्ये खंड किती पडला हे विचारलंच नाही. खरी जोखीम इथंच आहे. एवढ्या खंडानंतर गोळी परत सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी करावीच लागते. मधल्या काळात लागण झालेली असेल, तर प्रेपमधली दोनच औषधं तिला आवरू शकत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावण्याची भीती असते. हे त्याला ताईंनी सांगितलं. तपासणी करून घेतली, मगच गोळी चालू झाली.

आता माझी पद्धत. मोबाईलच्या घड्याळात तीन अलार्म आहेत, तीन शिफ्टचे तीन. रविवारी पुढच्या आठवड्याचा चालू करतो, बाकीचे बंद. नाव दिलंय ‘पाणी’. कुणी वाचलं तरी बिघडत नाही. ॲपचं नोटिफिकेशन औषधाच्या नावासकट लॉक स्क्रीनवर झळकायचं, आणि एका खोलीत तिघांचे मोबाईल एकाच चार्जिंग बोर्डाला लावलेले असतात. ते नाव सेटिंगमधून लपवता येतं, पण शोधावं लागतं आणि बहुतेक ॲपं इंग्रजीत. शिवाय स्वस्तातल्या मोबाईलमध्ये बॅटरी वाचवायच्या नादात ॲपचं नोटिफिकेशन कधी कधी येतच नाही. घड्याळाचा अलार्म असा दगा देत नाही, आणि त्याला नेटही लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांना फडावर रेंज मिळेलच असं नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट मोठी आहे.

मोजदाद बाटलीतच होते. तीस गोळ्यांची बाटली, फोडल्याची तारीख झाकणाच्या आत पेननं लिहिलेली. रविवारी उरलेल्या गोळ्या हातावर घेऊन मोजतो आणि सिलिकाच्या पुडीसकट परत आत टाकतो.

आणि रविवारी संध्याकाळी ताईंचा मेसेज येतो: ‘काय भाऊ, जेवण झालं का?’ सगळं ठीक असेल तर मी ‘झालं’ लिहितो. गोळ्या चुकल्या असतील, मळमळ होत असेल किंवा मनावर काही ओझं असेल तर ‘नाही’. ‘नाही’ गेलं की त्या फोन करतात. हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवलं. केनियात वेलटेल नावाच्या अभ्यासात जवळपास असंच केलं होतं. एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा ‘कसं काय?’ एवढाच एसएमएस जायचा. अडचण आहे म्हणून कुणी कळवलं की नर्स फोन करायची. २०१०मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मेसेज मिळणाऱ्यांचं औषध जास्त नियमित राहिलं आणि विषाणूही जास्त जणांमध्ये आटोक्यात आला. ते उपचाराचं औषध होतं, प्रेप नव्हे, हे मान्य. तरी रोज वाजणाऱ्या घंटीपेक्षा आठवड्यातून एकदा विचारणारं माणूस जास्त उपयोगी पडतं, हा माझाही अनुभव आहे.

या पद्धतीतही उणं आहे. ताई रजेवर असल्या की रविवार कोरडा जातो. त्यांच्यावर कामाचा बोजा आहे आणि प्रत्येक एचआयव्ही केंद्रात अशी व्यक्ती भेटेलच असं नाही. तपासणीच्या तारखा मला कॅलेंडरमध्ये स्वतः टाकाव्या लागतात.

माहिती कुणाच्या हाती राहते हाही प्रश्न आहे. ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपनं वापरणाऱ्यांचं एचआयव्ही स्टेटस बाहेरच्या दोन कंपन्यांपर्यंत जाऊ दिल्याचं २०१८मध्ये उघड झालं. सगळी ॲपं तशीच असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, आणि एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवणं ही त्यात अशा एचआयव्ही केंद्राची आणि तिथल्या माणसांची जबाबदारी आहे. परदेशातल्या ॲपवाल्याला जाब विचारायला मी कुठे जाणार?

तुमची ड्युटी ठरलेल्या वेळेची असेल, मोबाईल फक्त तुमच्याच हातात असेल, किंवा तुम्ही टू-वन-वनवर असाल, तर ॲप खुशाल घ्या. औषधाचं नाव बदलून ठेवा आणि उशिराची मुदत वाढवता येते का ते आधी बघा. शिफ्ट, शेअर रूम किंवा एकत्र कुटुंब असेल, तर मी अलार्म आणि माणूस हेच सुचवेन. पहिल्या भेटीतच काउन्सेलरना विचारून घ्या: मेसेज कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत, आणि त्या रजेवर असतील तर कुणाला. ओळखीचं केंद्र नसेल तर १०९७ ही नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) मोफत हेल्पलाइन आहे, तिथं जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो.