फावडं, फोर्क आणि सव्वा गुंठ्याचं रान : आठ महिने वापरल्यानंतर

काल ईमेल आला, फोर्कचा (माती खणायचा दातांचा काटा) क्लेम नामंजूर. कारण काय तर "वस्तूचा अयोग्य वापर". 10 वर्षांची गॅरंटी बघून घेतलेला फोर्क, तिसऱ्या महिन्यात त्याचा एक दात वाकला, तो बदलून मिळाला, आणि बदलून आलेला मे महिन्यात मानेतच तुटला, म्हणजे दांडा लोखंडात जिथे घुसतो तिथे. 24 पौंड गेले. खूप चिडचिड झाली, म्हणून आता सगळंच लिहून टाकते, कारण यूकेत राहणारे आपल्यातले बरेच जण अलॉटमेंटच्या (भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) वेटिंग लिस्टवर असतात आणि प्लॉट हातात आला की पहिल्या शनिवारी दुकानातून चकचकीत सेट उचलून आणतात. मीही तेच केलं.

आमचा प्लॉट लेस्टरमध्ये, अर्धा. इथे अजून पोल या जुन्या मापात मोजतात, पूर्ण प्लॉट 10 पोल म्हणजे आपले अडीच गुंठे, अर्धा म्हणजे सव्वा गुंठा. ऑक्टोबरमध्ये ताब्यात आला तेव्हा काही वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. मागच्या बाजूला ब्रॅम्बलची काटेरी जाळी माझ्या खांद्यापर्यंत (मी पाच फूट दोन), मध्ये काउच ग्रास (हरळीसारखं गवत), कुंपणाला बाइंडवीड (वेलीचं तण), आणि माती अशी चिकण की पावसात बुटाला दोन किलो चिकटते आणि उन्हात वीट होते. वेळही कमी मिळतो. मार्च ते ऑगस्ट जाळीत पक्षी घरटी करतात आणि वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे जाळी फेब्रुवारीच्या आत काढायची, आणि नेमकं तेव्हा रान ओलं असतं. ओल्यात तुडवलं की चिकण माती दाबून बसते. म्हणजे धड खणता येईल असे शनिवार-रविवार मोजकेच, आणि त्यात अवजार मोडलं की महिना गेलाच समजा.

जाळीला कोयतीसारखी काहीतरी वस्तू लागेल असं वाटलं होतं, पण लांब दांड्याच्या लॉपरने फांद्या गुडघ्याच्या उंचीवर कापल्या आणि खालचे गड्डे मॅटकने काढले, काम झालं. मॅटक म्हणजे आपल्या टिकावाचा भाऊ, एका बाजूला आडवं पातं, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडीसारखी धार. शेजारच्या आजोबांचा आणला होता, विकत घेतला नाही, चार दिवसांच्या कामाला घ्यायची गरजही नाही.

खरी खरेदी म्हणजे फावडं. इथे त्याला अझाडा म्हणतात, तो स्पॅनिश शब्द, किंवा मग नुसतं चिलिंग्टन हो (hoe), कारण वुल्व्हरहॅम्प्टनच्या चिलिंग्टनची मगर छाप फावडी वर्षानुवर्षं आफ्रिकेत जायची आणि इथली माणसं मात्र स्पेडवर (सरळ पात्याचं, पायाने दाबायचं खोरं) पाय देऊन खणत बसायची. मी 38 पौंडाला घेतलं, डोकं दीड किलोच्या आसपास. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी साताऱ्याला आप्पांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं. गवताचा थर खरवडून स्लॅबसारखा निघतो, पाय द्यावा लागत नाही, वजन स्वतः काम करतं, आणि माझ्या उंचीच्या बाईला स्पेडपेक्षा खूप कमी ताकद लागते. दोन रविवारात एक तृतीयांश प्लॉट उघडा केला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की फावडं घ्या, बाकी काही घेऊ नका.

आता दांड्याबद्दल लिहिते, आणि लांब लिहिते, कारण हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. या फावड्याच्या भोकात पाचर मारायची नसते. दांडा वरच्या टोकाला जाड असतो, डोकं बारीक टोकाकडून घालून वर सरकवायचं आणि ते जाड टोकाला जाऊन आवळतं. घाव घालताना डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं म्हणजे आणखी घट्ट बसतं, मॅटकचंही तसंच. आयडिया उत्तम, पण माझ्या विक्रेत्याने पाठवलेला दांडा भोकात दोनच ठिकाणी टेकत होता, बाकी फट, आणि फट लपवायला बाजूने एक स्क्रू. तिसऱ्या दिवशी डोकं डावी-उजवीकडे फिरायला लागलं. पातं हातात फिरलं तर ते नडगीवर येतं, हे ज्यांनी फावडं चालवलंय त्यांना सांगायला नको. विक्रेत्याने लिहिलं की लाकूड नैसर्गिक आहे, थोडं हलणारच. मला हे उत्तर अजिबात पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

आप्पा म्हणाले, "अगं, रात्रभर बादलीत घालून ठेव, फुगेल." ठेवलं. दोन आठवडे एकदम घट्ट. मी खूश. एप्रिलमध्ये कोरडा वारा सुटला आणि आधीपेक्षा जास्त सैल झालं. कारण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या कडीत दाबलं जातं, तंतू चेपतात, आणि वाळल्यावर ते पहिल्या मापावर येत नाहीत, त्याहून बारीक होतात. आप्पांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमची अवजारं रोज ओल्यात असतात, तुझं आठ-आठ दिवस शेडमध्ये वाळतं. मग तसं करू नकोस."

शेवटी जे चाललं ते असं. स्क्रू काढला, भोकाला आतून खडू फासला, डोकं घालून काढलं, दांड्यावर जिथे पांढरं उमटलं तेवढंच कानशीने घासलं, परत घातलं, असं सात-आठ वेळा, दुपार गेली. गोलाई सगळीकडून टेकायला लागली की दांडा उलटा धरायचा, जाड टोक खाली, आणि दगडावर आपटायचा, डोकं स्वतःच्या वजनाने आवळत जातं. मग जवसाच्या कच्च्या तेलाचे चार हात, रोज एक. (तेलाचा फडका गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा, तो आपोआप तापून पेटू शकतो.) आता जून संपत आला, केसभरही हललेलं नाही. नवीन दांडा घेणार असाल तर अ‍ॅशच्या लाकडाचा घ्या आणि लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाताहेत ना तेवढं बघा, रेषा तिरक्या बाहेर पडत असतील तर तो दांडा तिथेच तुटणार.

पण फावड्याबद्दलचं माझं मत एप्रिलनंतर बदललंय. काउच ग्रास म्हणजे हरळीचीच जात समजा, जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्या, बहुतेक वरच्या 10-15 सेंटीमीटरमध्ये, आणि प्रत्येक पेरातून नवीन कोंब. मी फावड्याने खरवडताना ज्या दोऱ्या तोडल्या त्या सगळ्या परत आल्या, जिथे एक होती तिथे पाच. बाइंडवीडचंही तसंच, बोटभर तुकडा राहिला तरी उगवतो. मी माझ्या हाताने तण वाढवून ठेवलं याचं वाईट वाटलं. तेव्हा जिथे नुसतं गवत आणि डॉक (रुंद पानांचं तण) आहे तिथे फावडं, आणि जिथे दोऱ्या दिसतात तिथे फोर्कच. फोर्क तोडत नाही, उचलतो, माती झटकली की अख्खी दोरी हाताने ओढून काढता येते. वेळ चौपट लागतो. तरी फोर्कच.

आणि फोर्क नवा स्वस्तातला नको. माझा तुटलेला फोर्क पत्रा वळवून केलेला होता, हे तुटल्यावर कळलं. आता कार बूट सेलमधून (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) 4 पौंडाला जुना घेतलाय, गंजलेला, पण डोकं आणि मान एकाच लोखंडातून घडवलेली, आणि मानेपासून दोन पट्ट्या दांड्यावर वरपर्यंत रिव्हेटने बसवलेल्या. त्याच मातीत, त्याच हातांनी वापरतेय, दात वाकलेला नाही. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते, तुटला त्या दिवशी मी त्याने ब्रॅम्बलचा राहिलेला गड्डा उचकटत होते, आणि ते काम पहारीचं आहे. पण पहिला दात वाकला तेव्हा मी नुसती माती उलटत होते, त्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही.

स्पेडबद्दल फार सांगायचं नाही. मोठा घेऊ नका, बॉर्डर स्पेड घ्या, चिकण मातीत छोटं पातं सहज घुसतं. स्टेनलेसला माती कमी चिकटते हे खरं आहे. पण दुकानातून येतो तो बोथटच, कानशीने धार काढल्यावर मला वेगळाच स्पेड मिळाल्यासारखं वाटलं. कानस 6 पौंड, सगळ्या खरेदीतली सगळ्यात उपयोगी.

आणि खुरपं. गेल्या वेळी साताऱ्याहून चेक-इन बॅगेत आणलेलं, लोहाराने केलेलं. वाफ्यात उगवून आलेले काउचचे कोंब बसून काढायला इथलं कुठलंही ट्रॉवेल (हातातलं छोटं खोरं) त्याच्याजवळ येत नाही, शेजारचे आजोबा दर रविवारी मागून नेतात. आप्पा सप्टेंबरमध्ये येताहेत, फावडंच करून आणू का बाभळीच्या दांड्याचं असं विचारत होते. मी म्हटलं आप्पा, फावडं आता नीट बसलंय, तुम्ही खुरपी दोन आणा, एक आजोबांना.