जुन्या पिढीशी गप्पा: व्हॉट्सॲप ग्रुप की रेडिट?

दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या अनोळखी लोकांशी जुन्या कार्यक्रमांबद्दल बोलायचंय, पण कुठे, असं एका विशीतल्या मुलीने विचारलं.

आधी सुरक्षितता. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात आणि तुमचा फोन नंबर त्या सगळ्यांना दिसतो. मुलींच्या बाबतीत मला हे फार गंभीर वाटतं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर टोपणनाव पुरतं.

माणसं मात्र व्हॉट्सॲपवरच भेटतात. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा शेजाऱ्यांकडे दाटीवाटीने बसून टीव्ही पाहणारी मुलं आज साठीच्या आसपास आहेत. ती मराठीत, व्हॉइस मेसेज पाठवून भरभरून सांगतात. रेडिटवर बहुतेक तरुणच. पिढ्यांवरून वाद रंगतो, पण दुसरी पिढी तिथे फारशी नसतेच!

टिकण्यात रेडिट सरस: उत्तराखाली उत्तर राहतं, वर्षांनी शोधलं तरी सापडतं. ग्रुपवर सुंदर आठवण दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’खाली गाडली जाते.

आठवणी ऐकायच्या असतील तर व्हॉट्सॲप, शक्यतो वेगळ्या नंबरवरून. नाव न सांगता मतभेद मोकळेपणाने मांडायचे असतील तर रेडिट.