कुबा कापड भिंतीवर लावायचंय: मखमली तुकडा की लांब न्चाक?

काँगोच्या कसाई भागातल्या कुबा लोकांची ही दोन्ही कापडं राफिया ताडाच्या पानांच्या धाग्यांची. पुरुष मागावर विणतात. पानाच्या लांबीपलीकडे धागा जात नाही, म्हणून एकेक तुकडा लहानच निघतो.

मखमली तुकड्यावर बायका भरतकाम करतात. सुईतला राफियाचा धागा विणीतल्या एखाद्या धाग्याखालून नेतात, त्याची दोन्ही टोकं छोट्या सुरीने पृष्ठभागालगत कापतात. त्या टोकांचीच मखमलीसारखी लव होते. गाठ मारतच नाहीत. घट्ट विणीमुळेच लव टिकते. म्हणूनच हा तुकडा उशीला किंवा खुर्चीला लावू नये, घासून लव गळते. खरा तुकडा ओळखायचा तर नक्षी पाहा: चौकडी मध्येच दिशा बदलते, रेषेची जाडी बदलते. फ्रेंच चित्रकार मातिसच्या स्टुडिओत असे तुकडे भिंतीवर होते, आणि त्याच्या उत्तरकाळातल्या कागदी कातरकामाशी त्यांचं नातं सहज दिसतं.

न्चाक म्हणजे बायकांचा गुंडाळायचा घागरा, अनेक तुकडे जोडून कित्येक मीटर लांब केलेला. राफिया मऊ करायला कुटताना भोकं पडतात. त्यावर लावलेल्या ठिगळांतूनच न्चाकवरची नक्षी वाढली, असं मानतात. लांब भिंतीला हाच शोभतो. मात्र खिळे ठोकू नका, सगळा भार तेवढ्याच धाग्यांवर येऊन ते फाटतात. वरच्या कडेला सुती पट्टी शिवून त्यात दांडी घाला.

छोट्या घरात आम्ही मखमली तुकडाच सुचवू. दोन्ही धुऊ नका, लाल तुकुला रंग पसरतो. घडी घालू नका, कोरडा राफिया घडीवर तुटतो.