रेस्टिकचे अकरा महिने : जुन्या प्रती किती काळ ठेवाव्यात?

घरात विंडोजवर चालणारा एक लॅपटॉप आणि लिनक्सवर चालणारा एक डेस्कटॉप आहे. दोन्हींसाठी एकच बॅकअप साधन हवे होते. बोर्ग हे बॅकअप साधन विंडोजवर थेट चालत नसल्याने मी रेस्टिक निवडले.

आधीच्या साधनात एक पूर्ण प्रत आणि तिच्यापुढे रोजच्या बदलांची साखळी असे. मधली एक फाईल बिघडली की पुढचे सगळे दिवस वाया जात. रेस्टिक फाईलचे तुकडे पाडते, सारखा तुकडा एकदाच साठवते आणि प्रत्येक स्नॅपशॉट (म्हणजे एका वेळी घेतलेली प्रत) स्वतंत्रपणे परत मिळवू देते. मात्र अनेक स्नॅपशॉट एकाच तुकड्यावर विसंबून असल्याने तो खराब झाल्यास फटका त्या सर्वांना बसतो. म्हणून मी दरमहा प्रतींचा साठा तपासणारी चेक कमांड चालवतो आणि तीत साठ्याचा काही भाग प्रत्यक्ष वाचायला लावतो.

खरा धडा मिळाला तो प्रती किती काळ ठेवाव्यात याबाबत. सुरुवातीला मी सात दैनिक आणि चार साप्ताहिक प्रती ठेवल्या होत्या, कारण डिस्कवरील जागा वाचवणे मला महत्त्वाचे वाटत होते. चौथ्या महिन्यात लक्षात आले, की घरखर्चाच्या फाईलमधील एक पूर्ण पान दोन महिन्यांपूर्वीच माझ्या हातून पुसले गेले होते, आणि माझी सर्वांत जुनी प्रत जेमतेम महिन्याभरापूर्वीची होती. ते पान परत मिळाले नाही. तेव्हापासून मी डिस्क किती मोठी आहे यापेक्षा चूक किती उशिरा लक्षात येऊ शकते याचा विचार करतो. आता १४ दैनिक, ८ साप्ताहिक, १२ मासिक आणि ३ वार्षिक प्रती राहतात. कागदपत्रे महिन्याकाठी फारशी बदलत नसल्याने या जादा मासिक प्रतींनी जागा अगदीच थोडी घेतली आहे.

येथे ‘१४ दैनिक’ म्हणजे स्नॅपशॉट असलेले शेवटचे १४ दिवस, दिनदर्शिकेतील सलग १४ दिवस नव्हेत. त्यामुळे लॅपटॉप तीन आठवडे बंद राहिला तरी जुन्या प्रती आपोआप नाहीशा होत नाहीत, आणि ही रचना मला फार समंजस वाटते.

एका गोष्टीने मात्र बराच वेळ खाल्ला. नियमाबाहेरच्या जुन्या प्रती वगळणारी फर्गेट कमांड स्नॅपशॉटचे गट संगणकाचे नाव आणि फोल्डरचा मार्ग यांवरून पाडते आणि नियम प्रत्येक गटाला वेगळा लावते. मी छायाचित्रांचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्यावर जुन्या मार्गाचा गट तसाच गोठून राहिला आणि त्यातील काहीच वगळले जाईना. शिवाय फर्गेट फक्त नोंद काढते. जागा मोकळी करण्याचे काम प्रून या वेगळ्या कमांडचे आहे. नियम बदलताना आधी ड्राय-रन (काहीही न पुसता घेतलेली चाचणी) करून काय जाणार आहे ते पाहून घ्यावे.

२०२२ मध्ये ०.१४ या आवृत्तीपासून रेस्टिकमध्ये कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणे) मिळाले, पण जेपीईजी छायाचित्रांना त्याचा लाभ जवळजवळ शून्य आहे. एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असे कुलूपबंद साठवणे) सक्तीचे असून पासवर्ड हरवला तर साठा कायमचा बंद होतो. सारे काम कमांड लिहूनच करावे लागते, आणि घरातील इतरांना ते जमणे कठीण आहे. म्हणून पासवर्ड आणि फाईल परत मिळवण्याची पूर्ण कमांड असा एक कागद मी घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवला आहे, आणि त्या कागदावरून माझ्या पत्नीने माझ्या मदतीशिवाय एक फोल्डर परत मिळवून पाहिले आहे.