मूनवॉकसाठी चामडी तळाचे काळे लोफर

मायकेल जॅक्सन २५ जून २००९ ला गेला. १९८३ साली टीव्हीवर त्याचा मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकणारा नाच, बघून पायांना लागलेलं वेड मात्र अजून उतरलेलं नाही. त्याची आठवण नाचूनच काढायची असेल, तर रबरी तळाचे बूट घेऊ नका. रबर लादीला धरतं, पाय अडखळतो, गुडघ्याला हिसका बसतो.

या लोफरचा तळ चामड्याचा आणि शिवलेला आहे, नुसता चिकटवलेला नाही. पाय मागे अगदी अलगद सरकतो. खोट एकच: टाचेखाली रबर आहे. सरकणारा पाय सपाट टेकलेला असतो, त्यामुळे टाच तिथेच अडते. चांभाराकडून तिथे चामडं लावून घ्या, मग बघा! भार कायम चवड्यावर उभ्या असलेल्या पायावर ठेवा. तो सरकत्या पायावर गेला की सगळी जादू संपते.

मापाला घट्टच घ्या, नाहीतर टाच उचलताच बूट निसटतो. मोजे पांढरेच हवेत, पावलं त्यांच्यामुळेच नजरेत भरतात. आणि जूनच्या पावसात हे घालून बाहेर पडू नका. भिजलेलं चामडं फुगतं.