दोन झिऑनवर घरचा स्टुडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. घरीच रेकॉर्डिंग, घरीच मिक्सिंग, ट्रॅक (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज) भरपूर आणि बजेट बेताचं असेल, तर जुन्या सर्व्हरचे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरचे, दोन झिऑन प्रोसेसर लावून बांधलेलं मशीन आजही दणकून काम करतं. पण त्याची खरी ताकद दिसते ती मिक्सिंगमध्ये, म्हणजे हे ट्रॅक एकत्र जुळवताना. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार दुसरा प्रोसेसर लावल्याने जात नाही. हे दोन मुद्दे वेगळे आहेत आणि पैसे घालण्याआधी ते नीट कळलेले बरे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझं काम मुख्यतः अभंग, भजन आणि थोडं नाट्यसंगीत. पखवाज, तबला, हार्मोनियम, टाळ, मुख्य गायक आणि मागे कोरस. कोरस चार-पाच जणांचाच असतो, तो तीन-चार वेळा घेऊन एकावर एक चढवला की पन्नास-साठ ट्रॅक कधी होतात कळत नाही. जुन्या चार कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा एक भाग) मशीनवर अर्ध्या मिक्समध्येच ट्रॅक फ्रीझ करत, म्हणजे त्यांचं गणित आधी करून गोठवून ठेवत, बसावं लागायचं.

नव्या मशीनमध्ये इंटेलचे दोन झिऑन ई५-२६६७ व्ही२ आहेत. प्रत्येकी ८ कोर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, गरज पडली की वाढणारा टर्बो वेग ४.० पर्यंत. हे २०१३ चे प्रोसेसर, आणि तेव्हा एकेकाची किंमत दोन हजार डॉलरच्या वर होती. आता कंपन्यांचे सर्व्हर मोडीत निघतात आणि हे प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन किरकोळ भावात मिळतात. याच पिढीत दहा आणि बारा कोरचेही आहेत, पण त्यांचा मूळ वेग कमी. ऑडिओसाठी कोरच्या संख्येपेक्षा एका कोरचा वेग आधी बघावा, म्हणून मी मुद्दाम आठ कोरचाच घेतला. मदरबोर्ड आसूसचा झेड९पीई-डी८ डब्ल्यूएस. रॅम ६४ जीबी, ८ जीबीच्या आठ पट्ट्या, डीडीआर३ ईसीसी रजिस्टर्ड. ही सर्व्हरची रॅम साध्या डेस्कटॉपला चालत नाही, म्हणूनच ती इतकी स्वस्त. प्रत्येक प्रोसेसरला रॅमचे चार चॅनेल (ये-जा करायच्या वाटा) असतात, तेव्हा दोन्हीकडे चार-चार पट्ट्या भरायच्या. एकाच बाजूला सगळी रॅम कोंबली तर दुसरा प्रोसेसर कायम परक्या रॅमवर जगतो.

आता तो उशीर. कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत घेतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात, आणि तो सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजमापात, मोजतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा हा हिशोब लागतो, वर आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा वेळ. २५६ वर गायकाचं एक वेळ निभावतं, पण पखवाजवाल्याचं नाही. त्याला हाताखालची थाप थेटही ऐकू येते आणि हेडफोनमधून मागाहूनही येते. चौपट लयीत बोल वाजवताना ही दुहेरी थाप फार छळते. आमच्याकडचे पखवाजवाले काका एक आवर्तन वाजवून थांबले आणि म्हणाले, "अहो, माझ्या मागे कुणीतरी दुसरा वाजवतोय."

बफर ६४ वर आणला की प्रत्येक १.३ मिलिसेकंदाला सगळं गणित पूर्ण व्हायलाच हवं. एका ट्रॅकवर इक्यू (जाड-पातळ सुरांचा तोल), मग कंप्रेसर (आवाजाचे चढ-उतार आटोक्यात ठेवणारा), मग रिव्हर्ब (घुमणूक) अशी साखळी असेल तर ती क्रमानेच चालते. इक्यूचं उत्तर आल्याशिवाय कंप्रेसरला काही करता येत नाही. म्हणजे त्या ट्रॅकपुरता एकच कोर राबतो, बाकीचे पंधरा रिकामे असले तरी मदतीला येऊ शकत नाहीत. सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकचंही तेच. आजचा मध्यम किमतीचा नवा प्रोसेसर एका कोरच्या वेगात या झिऑनला सहज मागे टाकतो. एकट्याने बसून जड सॉफ्टवेअर सिंथ (कॉम्प्युटरमधलं वाद्य) लाइव्ह वाजवणाऱ्याने म्हणून या वाटेला जाऊ नये, नवा एकच प्रोसेसर घ्यावा.

त्यात दोन प्रोसेसरचा स्वतःचा एक गुण आहे. प्रत्येकाची रॅम वेगळी, आणि एकाला दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असेल तर ते क्यूपीआय नावाच्या दुव्यावरून आणावं लागतं. यालाच न्यूमा म्हणतात. ही ये-जा फार थोड्या वेळाची, पण छोट्या बफरवर तीही नडते. माझा आठ माइकचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) यूएसबीवर आहे, आणि यूएसबीची वाट चिपसेटमधून पहिल्या प्रोसेसरला जाते. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी रीपर (माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) मी पहिल्याच प्रोसेसरवर बांधून ठेवतो. डेस्कटॉपवर एक वेगळा शॉर्टकट केलाय, त्यात विंडोजच्या ‘स्टार्ट’ कमांडला नोड शून्य, म्हणजे पहिला प्रोसेसर, सांगितलाय. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) नोड इंटरलीव्हिंग (दोन्हींची रॅम मिसळून वापरणं) बंद ठेवलंय, सी-स्टेट्स (प्रोसेसरची झोप) बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. लेटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून वायफायचा ड्रायव्हर अडथळा आणतो हे दिसलं, तेव्हापासून रेकॉर्डिंगला वायफाय बंदच. एवढं केल्यावर ६४ वर आठ माइक एकदम घेताना कडकड आवाज येत नाही. आणि पखवाजासाठी तर सरळ इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग लावतो. आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता परस्पर हेडफोनला पोचतो. काकांच्या मागचा दुसरा माणूस त्या दिवसापासून गेला.

मिक्सिंगला बसलं की मात्र चित्र पालटतं. बफर १०२४ वर, शॉर्टकट नेहमीचा, सोळाही कोर मोकळे. रीपरमध्ये अँटिसिपेटिव्ह एफएक्स नावाची सोय आहे. ज्या ट्रॅकवर लाइव्ह इनपुट नाही, त्यांचं गणित रीपर आधीच करून ठेवतो, मूळ सेटिंगमध्ये २०० मिलिसेकंद पुढचं. त्यामुळे साठ ट्रॅकचं काम सगळ्या कोरवर व्यवस्थित पसरतं. कोरसच्या प्रत्येक आवाजाला वेगळा इक्यू आणि कंप्रेसर, टाळांना ठोक्याची धार कमी-जास्त करणारा ट्रान्झियंट शेपर, पखवाजाच्या धुमेला आणि शाईला (डाव्या-उजव्या बाजूंना) वेगळे ट्रॅक, वर देवळाच्या गाभाऱ्यासारखी घुमणूक देणारे दोन कन्व्होल्यूशन रिव्हर्ब. हे सगळं चालू असताना प्रोसेसरचं मीटर निम्म्याच्या वर जात नाही. फ्रीझ करणं बंद झालं, त्यामुळे गायक शेजारी बसलेला असतानाच "कोरस जरा मागे घ्या, पण धार राहू द्या" असं म्हणाला तर तिथल्या तिथे करून दाखवता येतं. ६४ जीबी रॅममुळे तानपुऱ्याची आणि स्वरमंडळाची मोठी सॅम्पल लायब्ररीही (रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) प्रीलोड (रॅममध्ये आधीच घेतलेला भाग) वाढवून सुखाने बसते.

आवाजाचा प्रश्न मात्र बांधणीच्या वेळीच सोडवावा लागतो. प्रत्येक प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे कूलरने बाहेर टाकायची उष्णता, १३० वॉट, दोन मिळून २६०. सर्व्हरचे मूळचे छोटे पंखे अक्षरशः शिट्टी मारतात, ते घरी नकोच. मी नॉक्टुआचे एनएच-यू१२डीएक्स आय४ हे दोन कूलर लावले. या सॉकेटवर कूलर बसवायची चौकट दोन मापांची असते, चौकोनी आणि अरुंद. हा कूलर दोन्हींवर बसतो. तरीही कंडेन्सर माइक हार्मोनियमच्या भात्याजवळ असेल आणि गायक संथ आलाप घेत असेल, तर दोन आलापांमधल्या शांततेत पंख्याची हलकी घरघर टेपवर येतेच. शेवटी मशीन शेजारच्या खोलीत ठेवलं. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंतच धड चालते, त्यामुळे भिंतीला छिद्र कुठे पाडायचं ते तारेच्या मापावर ठरलं. भोकाभोवती फोम भरलाय. आता गाण्याच्या खोलीत इंटरफेस, स्क्रीन आणि कीबोर्ड एवढंच आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग म्हणजे छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. मशीन त्याच खोलीत असतं तर माणसं बसू शकली नसती. वीजही हे मशीन भरपूर खातं, निवांत असतानाही साध्या डेस्कटॉपच्या कितीतरी पुढे. मी ते काम संपलं की बंद करतो. आणि यूपीएस हवाच, तोही वॉटचा हिशोब करून घेतलेला. टेक मध्येच वीज गेली तर ती गेलेली तान पुन्हा तशीच येत नाही.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी थोडं. ई५ नंतरच्या आकड्याचा पहिला अंक बघा. १ ने सुरू होणारे, म्हणजे ई५-१६५० वगैरे, जोडीने चालतच नाहीत. दोनसाठी २ ने सुरू होणारी मालिका घ्या. चिपवर इंटेल कॉन्फिडेन्शियल असं लिहिलं असेल तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे विक्रीपूर्व चाचणीचा नमुना, तो परत करा. सॉकेटच्या पिना बोर्डात असतात, मोबाइलच्या टॉर्चने तिरका उजेड टाकून एकेक ओळ तपासा. एक पिन वाकडी असली तरी रॅमचा एखादा चॅनेल गायब होऊ शकतो. जुन्या बायॉसवर व्ही२ ओळखले जात नाहीत, तेव्हा दोन्ही प्रोसेसर आणि आठही पट्ट्या लावून दुकानातच चालू करून बघा. बोर्ड नेहमीच्या एटीएक्सपेक्षा मोठा, एसएसआय-ईईबी मापाचा आहे. कॅबिनेट त्या मापाचं घ्या. पॉवर सप्लायला प्रोसेसरचे आठ पिनी कनेक्टर दोन हवेत. विंडोज १० होम एकच सॉकेट ओळखतं, त्यामुळे प्रो लागतं. एनव्हीएमई (अतिवेगवान एसएसडी) ड्राइव्हवरून या काळातले बोर्ड सहसा बूट होत नाहीत. मी विंडोज जुन्या साटा जोडणीच्या एसएसडीवर ठेवलंय आणि सॅम्पल्स एनव्हीएमईवर. आणखी एक: या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (एका वेळी अनेक आकड्यांचं गणित करण्याची सोय) आहे, एव्हीएक्स-२ नाही. काही नव्या सॉफ्टवेअरला एव्हीएक्स-२ लागतं, म्हणून प्लगइन (इफेक्टचं जोड-सॉफ्टवेअर) विकत घेण्याआधी त्याच्या गरजा वाचा.

राहता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. सध्या मी मशीन इंटरनेटपासून तोडून वापरतो, फायली पेनड्राइव्हने ने-आण करतो. सोबत दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स टाकलंय. रीपरची लिनक्स आवृत्ती आहेच, आणि रिअल-टाइम कर्नलचं (वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचं) काम ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलंय. रीपरचे स्वतःचे प्लगइन तिथे उत्तम चालतात, विंडोजचे काही यब्रिज या जोड-सॉफ्टवेअरमधून चालतात, तानपुऱ्याची लायब्ररी अजून रुसलेली आहे. ती चालली की सगळं काम तिकडे हलवणार आहे.